एकच रस्ता, एकच वार: पुण्यातल्या बेघर माणसांना भेटायचं कसं, मदत करायची कशी

दर डिसेंबरात पुण्याचा पारा दहा अंशांच्या खाली गेला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "आमच्या सोसायटीनं पन्नास ब्लँकेटं जमवलीत, कुठं वाटू?" सगळ्यांना मी तेच सांगते: आधी एकदा रिकाम्या हातानं नुसते जाऊन या. स्टेशनसमोर ज्याच्या अंगावर तुम्ही ब्लँकेट घालाल, त्याला त्याच रात्री आणखी दोन गाड्यांनी ब्लँकेटं दिलेली असतात. सकाळी सहाला त्याला जागा सोडायची असते. तीन ब्लँकेटं घेऊन तो दिवसभर फिरणार कुठं? एक गाठोड्यात जातं, दुसरं पन्नास रुपयांना विकलं जातं, तिसरं दुभाजकावर पडून राहतं. आणि जुलैत पथारी खालून-वरून भिजते, तेव्हा प्लास्टिकचा कागद घेऊन कुणी फिरकत नाही.

गेली सात-आठ वर्षं मी दर गुरुवारी रात्री पुणे स्टेशन ते ससून रुग्णालय एवढ्याच पट्ट्यात जाते. त्यातून जे हाती लागलं ते इथं क्रमानं लिहिते आहे. तुम्हीही असाच एक रस्ता आणि एक वार ठरवा. अर्ध्या तासाचा असला तरी चालेल, पण चुकवू नका. शंभर जणांना एकदा भेटून जे होत नाही, ते सहा जणांना वर्षभर भेटून होतं. तापानं फणफणलेला माणूस दवाखान्यात यायला तयार होतो तो ओळखीच्या माणसाबरोबरच.

पहिले दोन आठवडे: फक्त बघा

रात्री साडेनऊच्या सुमाराला निघा. दुकानांची शटर्स खाली आली की लक्ष्मी रस्त्यापासून स्वारगेटपर्यंत त्याच पायऱ्यांवर पथाऱ्या पडायला लागतात. अंथरायला बहुतेकदा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स असतो. चालत जा, दोघं मिळून जा. पहिल्या फेरीत कुणाशी बोलला नाहीत तरी हरकत नाही, पण कोण कुठं झोपतं ते लक्षात ठेवा. जवळची रात्री उशिरापर्यंत चालणारी चहाची टपरी शोधून तिथं नेमानं चहा घ्या. टपरीवाल्याला सगळी माणसं माहीत असतात आणि पुढं तोच तुमचा निरोप्या होतो.

'बेघर' हा शब्द एक आहे, माणसं मात्र फार वेगवेगळी. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री अशा लोकांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजार माणसं रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात, मोठ्या पाइपांत झोपलेली सापडली. एका रात्रीच्या मोजणीत रात्रपाळीला गेलेला कसा सापडणार, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. कारण यातले पुष्कळ जण कामकरी आहेत. स्टेशनवरच्या पुरुषांतले कितीतरी केटरिंगवाल्यांकडे वाढपी म्हणून किंवा भांडी घासायला जातात. लग्नसराईत हाताला काम, दोन वेळचं जेवण आणि हॉलच्या मागं झोपायला जागा, असं सगळंच मिळतं. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा तिन्ही एकदम जातात, आणि नेमका पाऊसही तेव्हाच असतो. तुमची मदत सगळ्यांत जास्त लागते ती जुलै-ऑगस्टमध्ये.

त्याशिवाय भंगार वेचणारे असतात, मजूर अड्ड्यावर उभे राहणारे असतात, सिग्नलला फुगे आणि गाड्या पुसायचं कापड विकणारी पारधी कुटुंबं असतात. ससूनच्या आसपास रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांना गावाकडे घर आहे, पण पुण्यात पाठ टेकायला जागा नाही. मुलांनी सोडून दिलेली म्हातारी माणसं असतात, आणि मनाचा आजार घेऊन भटकणारी. डिसेंबर २०२४मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्यांवर डंपर चढला, तीन जीव गेले, त्यांत दोन तान्ही मुलं होती. ती माणसं बांधकामाच्या कामासाठी अमरावतीहून आलेली होती. हातात काम असूनही ती फुटपाथवरच झोपली होती.

बोलायला सुरुवात कशी करायची

झोपलेल्याला कधीही उठवू नका, हात तर मुळीच लावू नका. रस्त्यावर झोपणाऱ्याला रात्री अंगाला लागलेला हात म्हणजे चोर, दारुडा नाहीतर दंडुका. जागा असलेल्याशीच बोला. पथारी हे त्याचं घर आहे, त्यावर चप्पल घालून पाय ठेवू नका. उभं राहून वरून बोलू नका, हातभर अंतर ठेवून उकिडवे बसा. वयानं मोठ्यांना बाबा, काका, मावशी, आजी म्हणा आणि 'अहो' म्हणा. 'ए बाबा' वेगळं आणि 'बाबा' वेगळं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

पहिला प्रश्न "जेवलात का?" किंवा "चहा घेणार का?" एवढाच असू द्या. इथं का राहता, घरचे कुठं असतात, दारू पिता का, हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारूच नका. त्यांची उत्तरं त्यांनी पोलिसांना, दवाखान्यात आणि वाटप करणाऱ्यांना शंभरदा दिलेली असतात, आणि प्रत्येक वेळी ती थोडी बदलावी लागलेली असतात. स्वतःचं नाव सांगा, कुठून आलात ते सांगा. समोरचा "नको" म्हणाला तर "बरं, पुढच्या गुरुवारी येते" म्हणून उठा, आणि पुढच्या गुरुवारी खरंच जा.

आषाढी वारीच्या पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात. तेव्हा याच पेठांतली माणसं अनोळखी वारकऱ्याला माउली म्हणून जेवू घालतात, ओसरीवर झोपू देतात, त्याच्या भेगाळलेल्या पायांना तेल लावतात. घर सोडून का निघालास, असं कुणी त्याला विचारत नाही. पुणेकराला ही भाषा येते. बाकीच्या अकरा महिन्यांत फुटपाथवर तीच बोलायची आहे.

'बघतो' हा शब्द मात्र टाळा. मराठीत त्याचा अर्थ समोरच्याला नीट कळतो. जमणार असेल तर कधी ते सांगा, नसेल तर "हे माझ्याच्यानं होणार नाही" म्हणा. फोटो काढू नका. त्यातल्या कुणाच्या बहिणीला, मुलाला, गावाला ते रस्त्यावर आहेत हे ठाऊक नसतं. तुमच्या स्टेटसवरून ते कळायला नको.

काय द्यायचं

तिसऱ्या-चौथ्या भेटीला विचारा, "सध्या काय अडलंय?" उत्तरं इतकी साधी येतात की सुरुवातीला मला धक्का बसायचा. मोबाईल चार्ज करून हवा असतो, कारण केटरिंगचा मुकादम फोन लागला नाही तर दुसऱ्याला घेऊन जातो. दाढी करायची असते. सुलभमध्ये अंघोळीचे पैसे हवे असतात. चष्म्याची दांडी मोडलेली असते. मी पिशवीत भरलेली पॉवर बँक ठेवते, आणि आजवर सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच झाला आहे.

जेवणाचं म्हणाल तर वार बघून न्या. गुरुवारी-शनिवारी देवळांच्या रांगेत आणि पितृपक्षात अन्न इतकं येतं की वाया जातं. सोमवारी-मंगळवारी आणि मुसळधार पावसात चूल बंद असल्यासारखी स्थिती असते. ज्यांना दात नाहीत अशी माणसं पुष्कळ असतात, त्यांना जाड पोळी आणि फरसाण काय कामाचं? मऊ भात-वरण, केळी, उपमा, दूध न्या. खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट देऊ नका, थोडंथोडं द्या आणि तो अशक्त, गुंगीत वाटला तर दवाखान्याचंच बघा. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली. तिची किंमत १० रुपये, आणि तीत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात मिळतो. तुमच्या रस्त्याजवळचं केंद्र चालू आहे ना, हे आधी स्वतः जेवून बघा, मगच पत्ता द्या.

कपड्यांमध्ये बायकांना नुसती साडी दिली जाते. परकर आणि ब्लाउज नसेल तर ती साडी नेसायची कशी? आतले कपडे नवे घ्या, पॅड द्या. फुटपाथवरच्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, कारण रात्री सार्वजनिक शौचालयं बंद असतात किंवा तिथं जायची भीती असते. लघवीला जळजळ, ताप अशा तक्रारी त्यातून येतात. तुमच्याबरोबर एक बाई असेल तरच त्या हे सांगतील. पुरुषांना लुंगी, नाडीची पँट आणि चेनची पाठपिशवी द्या. थंडीत सोलापुरी चादर उत्तम, घडी लहान होते आणि धुतली की लवकर वाळते. पावसात जाड प्लास्टिकचा दहा फुटांचा कागद, दोरी, आणि सतत ओल्या राहणाऱ्या पायांसाठी व्हॅसलीन.

पैसे द्यावेत का, यावर लोक खूप भांडतात. मोठ्या माणसाला दहा-वीस रुपये द्यावेसे वाटले तर द्या आणि पुढं त्यांचं काय केलं ते विचारू नका. सिग्नलवरच्या लहान मुलाच्या हातात मात्र मी पैसे देत नाही. त्याची कमाई वाढली की त्याची शाळा आणखी लांब जाते.

कुणी आजारी दिसलं तर

पाय, छाती आणि शुद्ध या तीन गोष्टी दर भेटीत बघा. पायाची जखम हा रस्त्यावरचा सगळ्यांत मोठा शत्रू, त्यात मधुमेह असेल तर पाय जातो. जखमेत किडे पडलेले दिसले तर फिनेल, डिझेल, हळद काही ओतू नका, सरळ १०८ला फोन करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाचे उपचार मोफत आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. रोज पिणाऱ्याला "आजपासून सोड" असं सांगून दारू अचानक तोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, आकडी, भास सुरू होऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. सोडायची इच्छा दिसली की डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. येरवड्याचं मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतं आहे.

१०८ला फोन लावल्यावर खूण नीट सांगा (कुठल्या दुकानासमोर, पुलाच्या कुठल्या बाजूला) आणि गाडी येईपर्यंत तिथून हलू नका. शक्य असेल तर बरोबर जा. माणूस दवाखान्याला नाही म्हणतो त्याचं कारण बहुतेकदा त्याचं बोचकं असतं. त्यात आधार कार्ड, कामाचे पैसे, आईचा फोटो, सगळं असतं. ते बरोबर घ्या किंवा त्याच्यादेखत शेजारच्या पथारीवाल्याकडं द्या. कुत्रं असेल तर त्याचीही सोय सांगा. एकदा एका आजोबांनी "मोत्याला कोण बघणार?" म्हणून गाडी परत पाठवली होती. टपरीवाल्यानं मोत्याला सांभाळतो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ते आले.

दवाखान्यात केसपेपरवर नाव लिहून घ्या, नाहीतर 'अनोळखी' अशी नोंद होते आणि पुढं शोधणं अवघड जातं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. नातेवाईक नसलेल्या रुग्णाचा खर्च, औषधं, पुढची सोय हे त्यांचंच काम, त्यांना गाठा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे, तेही नम्रपणे आणि ठामपणे विचारा. आणि पहिल्याच दिवशी विचारा, "डिस्चार्जनंतर कुठं?" मी एकदा ते विचारलं नव्हतं. पायाला प्लास्टर घातलेल्या माझ्या ओळखीच्या माणसाला एका रुग्णालयानं भर पावसात रात्री नऊला गेटबाहेर सोडलं. तो कुबड्या टेकत परत त्याच पायरीवर आला, आणि प्लास्टर भिजून गेलं. तो राग अजून गेला नाही, त्यात स्वतःवरचाही आहे.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांबाहेर, मशिदींबाहेर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांवर तिथंच रस्त्यावर उपचार करतात आणि त्या नात्याच्या बळावर त्यांना कामाकडं वळवतात. आपण डॉक्टर नसलो तरी औषधाच्या निमित्तानं नातं जुळतं, हे त्यांच्या कामातून घेण्यासारखं आहे.

मनाचा आजार असलेली माणसं आणि हरवलेली माणसं

स्वतःशी बोलणारी, अंगावर पाच थर कपडे घातलेली, कचऱ्यातलं खाणारी व्यक्ती दिसली तर हळू बोला, समोरून जा, तिच्या भासांवर वाद घालू नका, हात धरून ओढू नका. पाण्याची बाटली थोड्या अंतरावर ठेवली तरी पुरे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७च्या कलम १००प्रमाणे अशा भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणं आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोधही घ्यायचा असतो. ११२ला फोन केल्यावर किंवा चौकीत गेल्यावर हे कलम शांतपणे सांगा. पुढचा उपचार बहुधा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होतो. बरं झाल्यावर कुठं, हा प्रश्न इथंही आहेच. बायका, मुलं आणि मनोरुग्णांसाठी वढू बुद्रुकची 'माहेर' ही संस्था १९९७पासून काम करते आहे.

घरच्यांचा शोध घेताना कान उघडे ठेवा. एक आजी कित्येक दिवस "मोंढ्यातून पीठ आणायचंय" एवढंच म्हणत होत्या. पुण्यात कुणी मोंढा म्हणत नाही, मार्केट यार्ड म्हणतात. मोंढा म्हटलं की मराठवाडा. मग परभणी, नांदेड, जालना अशी एकेक नावं घेत गेलो, आणि एका नावाला त्यांनी मान वर केली. 'काहून' म्हणणारा विदर्भाकडचा असतो, 'भो' म्हणणारा खानदेशातला. देवाचं नाव, जत्रा, नदी, एसटी स्टँडजवळचं थिएटर, जे शब्द पुन्हापुन्हा येतात ते तारखेसह वहीत लिहा आणि पोलिसांना द्या. मात्र जो माणूस शुद्धीत आहे त्याच्या घरी त्याला न विचारता फोन करू नका. काही जणी मार खाऊन पळालेल्या असतात.

एकटं, हरवलेलं, सोडून दिलेलं मूल दिसलं तर १०९८ला फोन करा. बाल न्याय कायदा २०१५नुसार अशा मुलाची माहिती २४ तासांत देणं तुमच्या-माझ्यावरही बंधनकारक आहे. मूल स्वतःच्या घरी नेऊ नका. फुटपाथवर आईबापांजवळ राहणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. गरिबी हा काही गुन्हा नाही, त्याला आईपासून तोडायला फोन करू नका. त्याला जवळच्या मनपा शाळेत घाला. जन्माचा दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही. निराधार वृद्धांसाठी १४५६७ आणि अडचणीतल्या स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

निवारा आणि कागदपत्रं

महापालिकेची बेघर निवारा केंद्रं समाज विकास विभागाकडून चालवली जातात. सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास उघडा, असा आदेश दिला. पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी ५० चौरस फूट जागेचा निकष आला. कुणालाही तिथं पाठवण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा: संडास, पंखा, सामान ठेवायला कुलपाचं कपाट, दार किती वाजता बंद होतं. माणसं निवाऱ्याला नाही म्हणतात ती उगाच नाही. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, केटरिंगवरून रात्री एकला परतल्यावर दार बंद असतं. पहिल्या रात्री बरोबर जा, आणि दुसऱ्या दिवशी तो परत फुटपाथवर दिसला तर रागावू नका, काय झालं ते विचारा.

महाराष्ट्रात १९५९चा भिक्षा प्रतिबंध कायदा अजून आहे. दिल्लीत त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८मध्ये रद्द केली, इथं ती चालू आहेत. म्हणून पांढरी गाडी आणि चार-पाच माणसं एकदम आलेली दिसली की पथाऱ्या गुंडाळल्या जातात. मोठा घोळका करून न जाण्याचं हेही एक कारण.

कागदपत्रांत आधी आधार. हरवलं असेल तर आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक मिळवण्याचा प्रयत्न करा, नवं काढायला धावू नका. मग जनधन खातं. मतदार नोंदणीबद्दल फार थोड्यांना माहीत असतं: घर नसलेल्यालाही नमुना ६ भरता येतो, झोपण्याची जागा लिहायची, आणि बीएलओनं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं) रात्री येऊन तो माणूस तिथं झोपतो याची खात्री करायची. पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा, पण १५ वर्षांच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तिथंच बहुतेकांचं घोडं अडतं. जुनं शाळेचं नाव, गावच्या रेशनकार्डाचा क्रमांक, जे मिळेल ते गोळा करा, महिने लागतील. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात त्याच्याकडंच राहू द्या, झेरॉक्स त्याच्या परवानगीनं तुमच्या घरी ठेवा. अतिक्रमणाची गाडी सामान उचलते तेव्हा कागदही जातात.

माणूस जागेवर नसेल तर

आधी टपरीवाल्याला विचारा, मग शेजारच्या पथारीला. मग ससूनच्या अपघात विभागात, मग निवारा केंद्रात. वहीत तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागेवरून परत जा. कधी वाईट बातमी कळते. कधी काहीच कळत नाही. गेल्या वर्षी केटरिंगवाले एक काका जूनमध्ये दिसेनासे झाले. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली, टपरीवालाही नाही म्हणायचा. तुळशीची लग्नं लागल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी ते त्याच पायरीवर बसलेले होते, पाठपिशवी मांडीवर घेऊन. "गावाकडं पेरणीला गेलतो," म्हणाले, आणि पॉवर बँक मागायला हात पुढं केला.